जो पिवळा तो कामाचा

आमच्या कुरुंद्याच्या हळद कारखान्यात २००३ साली शेषराव मॅनेजर झाला, तो निव्वळ मालकाची जीप नीट चालवायचा म्हणून. हळकुंडं घासून चकचकीत करायच्या पॉलिशच्या ड्रमवर आमी बाया वर्षानुवर्षं राबून राहिलो, आमाला कोणी विचारलं न्हाई. अन् त्यालाही कोणी काही शिकवलं न्हाई. मालकानं खुर्ची दाखवली, गळ्यात शिट्टी अडकवली अन् म्हणाले, "बस."

बिचारा बसला. कोण काम करतं अन् कोण न्हाई, हे ओळखायचं कसं? ड्रममधून हळदीची धूळ उडते, ती कामाच्या माणसावर बसते, असा त्यानं हिशोब लावला. म्हणजे जो जास्त पिवळा, तो जास्त कामाचा.

सगळ्यात पिवळा निघाला त्याचाच मेव्हणा, प्रेमानंद. तो ड्रमच्या मागं पोत्यांवर दिवसभर घोरायचा, म्हणून सगळी धूळ त्याच्याच अंगावर! शेषरावानं त्याला मुकादम केलं. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी दोन मुठी हळद तोंडाला फासली अन् पोत्यावर आडवी झाले. बाकीच्या बाया काय मागं राहतात?

आठवड्यानं मालक आले. ड्रम बंद, अन् आमी सगळे नवरदेवासारखे पिवळे.

"काम काहून बंद?"

"बंद कुठं, मालक? रंग तर बघा एकेकीचा!" शेषराव छाती फुगवून बोलला.

मालकानं त्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याकडं पाहिलं. "मग तूच काहून कोरा?"

शेषराव वरमला. दुसऱ्या दिवशी तो घरूनच हळद लावून आला, अन् आमच्या शेजारच्या पोत्यावर आडवा झाला.