पाच कॉम्प्युटर, तीन सप्लाय

ते पाच कॉम्प्युटर टेम्पोतून उतरले तेव्हाच मला त्यांचा भरवसा वाटला नव्हता. तळेगावकडच्या एका कंपनीनं जुने झाले म्हणून काढले होते आणि आमच्या वलवणच्या बुद्ध विहारातल्या अभ्यासिकेला देऊन टाकले होते. दिसायला देखणे होते. काळे, सडपातळ, पाचही एका साच्यातले. बाकीचे कौतुकानं त्यांच्यावरून हात फिरवत होते आणि मी वाकून त्यांच्या पाठी बघत होतो.

लोणावळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वीसेक वर्षं हेच करतोय. साध्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना चालेल अशी करून देणारा डबा, कुणाचाही घ्या, जागेवर बसतो. ह्यांचा डबा लांबट, भलत्याच मापाचा. इतरत्र बोर्डाला चोवीस पिनांचा प्लग जातो, इथं सहाच. पंखासुद्धा बनवणाऱ्या कंपनीचाच लागणार. दुसरा लावला तर यंत्र सुरू होतानाच कुरकुर करून थांबतं. असं मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे बिघडलं की गिऱ्हाईक त्यांच्याच दारात यावं. आणि ही यंत्रं इतकी जुनी होती की ते दारही आता बंद झालेलं.

मी अध्यक्षांना तसं सांगितलं. त्यांना सगळे आबा म्हणतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद ठेवणारे. मी म्हटलं, चालतायत तोवर चालतील, पण एकदा काही गेलं की बाजारातलं काही ह्यांना बसायचं नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. नंतर मला कळलं की ते समितीत म्हणाले होते, दुकानदार फुकटच्या वस्तूला नावं ठेवणारच, त्याला त्याची विकायची असतात.

तरी दुरुस्तीचं काम माझ्याकडेच आलं, कारण मी फुकट करत होतो. अभ्यासिका विहाराच्या वरच्या मजल्यावर. दोन आणि चार नंबरच्या यंत्रांवर टायपिंगच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकलेलं, ते त्या त्या यंत्रावरच चालायचं. एक आणि तीनवर भरतीच्या सराव परीक्षा. पाचला प्रिंटर जोडलेला. किल्ली एका मावशींकडे असायची. सकाळी उघडायच्या, झाडलोट करायच्या, संध्याकाळी बंद करून औंढ्याला जायच्या. वयानं साठीच्या आसपास. बोलायच्या कमी. मी एखादं यंत्र उघडलं की त्यांचा पोछा थांबायचा आणि त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहायच्या. काही विचारायच्या नाहीत. मला वाटायचं, आबांनीच नजर ठेवायला सांगितलंय.

पावसाळ्यात लोणावळ्याची हवा अशी असते की भिंतीवर टेकलेली वहीसुद्धा ओली होते. श्रावणात तीन नंबरचा सप्लाय गेला. पंधरा दिवसांनी दोन नंबरचा. मी उघडून पाहिलं, मीटर लावला, दोन्ही मेलेले. आबांच्या वहीत तशी नोंद झाली: दोन आणि तीन बंद, एक, चार, पाच चालू. मी म्हटलं, शोधतो कुठं मिळतात का.

आठवड्याभरानं आबांचा फोन आला. आवाज फार शांत होता. दोन नंबर तू मेला म्हणालास तो चालू आहे, म्हणाले, आणि एक नंबर चालू होता तो बंद. मला वाटलं, त्यांनी आकडे उलटे वाचले असतील. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन पाहिलं तर दोन आणि चार बंद, एक आणि तीन चालू. ज्या यंत्राचा सप्लाय मी स्वतः मीटर लावून मेलेला ठरवला होता, त्यावर एक मुलगा निवांत सराव परीक्षा देत बसला होता. आबा माझ्याकडे बघत होते.

त्याच दिवसांत खंडाळ्याच्या एका हॉटेलातून काम आलं. त्यांच्या रिसेप्शनला नेमकं हेच मॉडेल, आणि त्याचाही सप्लायच गेलेला. मी पुण्यातल्या भंगारवाल्यांना फोन करत राहिलो. एकाकडे एकच निघाला, हॉटेलचं काम आधी सांगितलेलं, म्हणून तो तिथं बसवला. हॉटेलचा ड्रायव्हर आमच्या वलवणचा. दोन दिवसांत बातमी आबांपर्यंत पोचली.

पुढच्या वेळी मी विहारात गेलो तेव्हा आबांनी चहा मागवला. तब्येतीचं विचारलं, दुकानाचं विचारलं. मग कपाकडे बघत म्हणाले, "तो हॉटेलचा पार्ट कुठनं मिळवलास रे?"

मी पुण्याचं सांगितलं. भंगारवाल्यानं पावती दिली नव्हती, तेही सांगितलं. आबा "बरं" म्हणाले. त्या एका शब्दानं मी घरी येईपर्यंत जळत होतो. वीस वर्षांत माझ्यावर असा संशय कुणी घेतला नव्हता, तोही आपल्याच माणसानं, आपल्याच विहारात.

पण तो संशय एवढा झोंबण्याचं आणखी एक कारण होतं. भंगारवाल्याचा पार्ट मिळण्याआधी एका दुपारी मी अभ्यासिकेत एकटा होतो. पाच नंबर उघडला होता, नुसती धूळ काढायला. हॉटेलवाले रोज फोन करत होते. मी तो सप्लाय काढून हातात घेतला आणि मनात आलं, हा तिकडे बसवून दिला आणि इथं हाही गेला म्हणून सांगितलं, तर कुणाला कळणार आहे? मग परत बसवला, झाकण लावलं आणि निघून आलो. केलं काही नाही. पण मनात आलं होतं.

मी ठरवलं, खरा चोर शोधायचा. बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली खिशात घालून गेलो आणि पाचही सप्लायवर, यंत्राच्या नंबराइतके ठिपके दिले. आबांना सांगितलं नाही. मावशी खाली पाणी भरायला गेल्या होत्या तेवढ्यात काम उरकलं. पुढच्या आठवड्यात परत उघडून पाहिलं. एका ठिपक्याचा सप्लाय दोन नंबरमध्ये होता आणि दोन ठिपक्यांचा, मेलेला, एक नंबरमध्ये. कुणीतरी व्यवस्थित उघडून, व्यवस्थित बसवून ठेवलं होतं. झाकणाचे खटकेसुद्धा नीट लागलेले.

म्हणजे यंत्रं उघडली जात होती, आणि किल्ली एकाच माणसाकडे होती. हळूहळू हलवाहलवी करायची, कुठला कुठं हे कुणाला कळेनासं झालं की एखादा चांगला सप्लाय बाहेर काढायचा, असा हिशेब मी मनाशी जुळवला. मावशी सामान ओळखत नसतील तर कुणाला तरी आत घेत असतील, हेही जुळवलं, आणि ठिपक्यांसकट आबांना जाऊन सांगितलं. मावशी आमच्या समाजातल्या नव्हत्या, औंढ्याच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाडीतल्या होत्या. हे मी आबांपुढे उच्चारलं नाही, त्यांनीही नाही. पण ते आम्हा दोघांच्या मनात नव्हतं, असं आज म्हणवत नाही. आमच्या आजोबांकडे गाव ज्या नजरेनं बघायचं, तीच नजर आम्ही किती सहज उचलली होती.

आबांनी मावशींना काही विचारलं नाही. "काही दिवस किल्ली माझ्याकडे राहू दे," एवढंच म्हणाले. मावशींनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत. त्यानंतर दोन आठवडे एकही ठिपका हलला नाही. आबांनी मला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर निघालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग एका मंगळवारी टायपिंगच्या परीक्षेला बसणारी एक मुलगी दुकानात आली. तिची परीक्षा जवळ आली होती. चार नंबर कधी चालू होणार, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्याचा सप्लाय गेलाय. ती गोंधळली. म्हणाली, "पण मंगळवारी आणि शुक्रवारी चालू असायचा की. दोन आणि चार. मावशी सकाळीच लावून ठेवायच्या."

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं सगळं सरळ सांगितलं. मंगळवार-शुक्रवार टायपिंगवाले, त्या दिवशी दोन आणि चार. सोमवार-गुरुवार भरतीवाले, त्या दिवशी एक आणि तीन. पाच रोज चालू, प्रिंटरसाठी. मुलांना वाटायचं ही आबांचीच योजना आहे. तीन चांगले सप्लाय, पाच यंत्रं. मी मेलेली यंत्रं वहीत नोंदवून मोकळा झालो होतो, आणि कुणीतरी आठवड्यातून चार सकाळी सप्लाय काढून, लागतील तिथं बसवत होतं.

ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि मोटरसायकल काढली.

औंढ्यात भाताची झोडणी चालली होती. मावशी खळ्यावर पेंढ्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी पदर नीट केला, पण हातातलं काम थांबवलं नाही. कशी सुरुवात करू कळेना, म्हणून नुसतं विचारलं की यंत्रं उघडायला कुठं शिकलात. त्या म्हणाल्या, तळेगावच्या कारखान्यात बावीस वर्षं वायरी जोडल्यात. गाड्यांच्या वायरींचे जुडगे करायचं काम. कारखाना बंद पडला तेव्हा घरी बसल्या.

"प्लगाला खाच असती," त्या म्हणाल्या. "उलटा बसतच न्हाई. त्यात काय शिकायचंय? तुमी उघडताना बघितलं, तितनं पुढं म्या केलं."

हात लावायच्या आधी खिडकीचा गज धरायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते, हेही त्यांना कारखान्यानं शिकवलेलं. मी इतकी वर्षं हे काम करतोय, मी कधी गज धरला नव्हता.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही, आबांना किंवा मला. मावशींनी पेंढीची गाठ ओढली. कारखान्यात रोज सुटताना झडती व्हायची, त्या म्हणाल्या. एकदा पदराच्या घडीत पितळेची एक बारकी पिन अडकून राहिली होती, तांदळाएवढी. तीन दिवस दारात उभं केलं होतं. "इचारल्याबिगर हात लावला की चोर. आन् इचारलं असतं तर लावू दिला असता का?"

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आन् तुमाला कसं सांगू, दादा? म्या तर तुमच्यावरच ध्यान ठिवून व्हते. त्या दिवशी पाच नंबरचा डबा हातात घिऊन लय येळ बसला व्हता तुमी. म्या जिन्यात व्हते."

आबांनी संशय घेतला तो ऐकीव गोष्टीवरून. ह्या बाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं, ओळखलं होतं, आणि आबांनी तिची किल्ली काढून घेतली तेव्हाही तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणालो, "व्हय, मनात आलं होतं." त्यांच्या बोलीतलं ते "व्हय" माझ्या तोंडून कसं आलं कुणास ठाऊक. त्यांनी उठून पाणी दिलं.

मी त्याच संध्याकाळी आबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, ठिपक्यांपासून झोडणीपर्यंत. पाच नंबरची ती दुपार मात्र सांगितली नाही. आबांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, सिग्नलमध्ये होतो तेव्हा आमच्याकडेही असाच एक खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, होता, न विचारता सगळं चालू ठेवायचा, आणि आम्ही त्याच्यावर रिपोर्ट केला होता. ते स्वतः किल्ली घेऊन औंढ्याला गेले. मावशी लगेच आल्या नाहीत. भात घरात आल्यावर, सवडीनं आल्या.

आल्यावर त्यांनी एकच अट घातली. यंत्र उघडायचं ते दोघांनी मिळून. तेव्हापासून मी गेलो की आम्ही शेजारी शेजारी खाली बसतो. मेलेल्या सप्लायचे प्लग कापून घेतले, बाजारातले दोन साधे सप्लाय आणले आणि त्यांच्या वायरी ह्या यंत्रांना जोडायचा उद्योग काढला. वीज जुळवायला मध्ये एक छोटं सर्किट बसवावं लागलं, ते माझं काम. पिना वायरींवर दाबून बसवायचं काम मावशींचं. त्यांच्या हातची पिन मी ओढून पाहिली, सुटली नाही. सप्लाय आत मावत नाही, म्हणून तो यंत्राशेजारी फळीवर बसवलाय आणि झाकण अर्धवट उघडं राहतं. दिसतं गबाळं. पण पाचही चालतात, आठवडाभर, कुणाचा वार न बघता. ती मुलगी तोवर परीक्षा देऊन बसली होती. नापास झाली, सहा महिन्यांनी पुन्हा बसली.

आबा अजूनही प्रत्येक नव्या पार्टची पावती मागतात, आणि मी देतो. मावशींनी त्या दुपारचं त्यांना सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. कधी कधी आबा चहाच्या कपातून माझ्याकडे बघतात तेव्हा वाटतं, सांगितलं असावं. मावशी शेजारीच पोछा मारत असतात. मी त्यांना विचारलेलं नाही.