वाजवून बघायचं नाही

लातूरच्या गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानांना लागून, रामलिंग बिडव्यांचं वाद्यांचं दुकान होतं. लातूर भागात कुणाला पेटी घ्यायची असो, तबल्याची कातडी पुडी फुटलेली असो, सप्ताहाला टाळ कमी पडलेले असोत, माणूस सरळ गोलाईत यायचा. पाटी वाचायची गरज पडत नसे, कारण दुकान दिसायच्या आधी ऐकू यायचं. ओट्यावर आनंदराज बसलेला असायचा आणि त्याची हातोडी चालू असायची.

आनंदराज मूळचा कंधारचा. तरणा असताना काम शोधत लातूरला आला. रामलिंगच्या वडिलांनी, शिवमूर्तीअण्णांनी, त्याला ओट्यावर बसायला एक पोतं दिलं, आणि तो तिथलाच झाला. पगारी नोकर तो कधीच नव्हता. ओटा दुकानाचा, हात त्याचे. तबल्यावर पुडी चढवायची, शाई भरायची, ती दगडानं घोटायची, चामड्याची वादी ताणायची, असं त्याचं काम. वडील गेले, रामलिंग गल्ल्यावर बसला, तरी ओट्यावर आनंदराजच राहिला. दोघं एकाच वयाचे. दुपारी डबे एकत्र उघडायचे. बोलणं फार नसायचं. रामलिंग आतून पेटीचा सूर धरायचा, आनंदराज बाहेर त्या सुरात तबला मिळवायचा.

"चढलाय," रामलिंग आतून म्हणायचा.

"चढू दे. वादी वली हाय. उतरंल आपोआप."

एवढ्यावर दिवस जायचा. दोघांनाही त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

धंदा एका दिवसात बसला नाही. आधी पोरं कमी झाली. शहरात शिकवण्या वाढल्या, आणि पोरगं आठवीत गेलं की त्याची आई स्वतः पेटी घेऊन दुकानात यायची. "काका, परत घेता का? दहावी झाल्यावर बघू म्हनतेत ह्याचे पप्पा." दहावीनंतर कुणी बघत नसे. बारावी यायची, मग 'नीट' परीक्षा यायची. मग गावोगावची भजनी मंडळं मोबाईलवरून मागवायला लागली. काही जण तर दुकानात येऊन पेटीचा फोटो काढायचे, नीट हाताळून बघायचे, आणि पायरी उतरता उतरताच मोबाईलवर मागवायचे. लग्नातले बँडवाले गेले, डीजे आले. टाळेबंदीत गाण्याचे क्लास बंद पडले, ते परत उघडलेच नाहीत.

रामलिंग तरीही रोज फडकं घेऊन प्रत्येक पेटी पुसायचा. त्याची बायको सिंधु म्हणायची, "मिठाईचं दुकान टाकू या. कशाला जिवाला घोर?" तो हूं म्हणायचा आणि दुकानाला जायचा.

दुकानाच्या वरचा मजला वाटणीत धाकट्या भावाकडे, वीरेशकडे, गेला होता. बरीच वर्षं तिथं कापडाच्या गठड्या पडून होत्या. वीरेशनं त्या काढल्या, रंग दिला, खुर्च्यांच्या मधे फळ्या ठोकल्या, प्रत्येक फळीपाशी दिवा लावला आणि अभ्यासिका सुरू केली. किनवट, कंधार, अहमदपूर, कुठून कुठून आलेली पोरं-पोरी सकाळी बॅगा घेऊन जिना चढायची ती संध्याकाळी उतरायची. महिनाभरात एक खुर्ची रिकामी राहिली नाही.

वीरेश वाईट माणूस नव्हता. पहिल्यांदा तो खाली आला तेव्हा चहा घेऊनच आला.

"अन्ना, राग मानू नका. पोरं तक्रार करायलीत. एका पोरीच्या बापानं किनवटहून फोन केला. म्हनला, अभ्यासाची जागा हाय का तमाशाची?"

"मग मी काय करू? वाद्याचं दुकान हाय, वीरेश."

"दुकान बंद करा म्हनत न्हाई. जरा आवाज कमी. ठोकाठोकी सकाळी पोरं यायच्या आत उरकून घ्या."

रामलिंगला ते रास्त वाटलं. पोरं लांबून येतात, आईबाप शेतातलं विकून पाठवतात, हे त्याला दिसत होतं. आनंदराज सकाळी लवकर यायला लागला. पण काम काही घड्याळ बघून येत नाही. दुपारी कुणी फुटका तबला घेऊन आला की हातोडी उचलावीच लागे, आणि वर खुर्च्या सरकल्याचा आवाज व्हायचा. शेवटी वीरेशनं छापून घेतलेला एक कागद दुकानाच्या आतल्या काचेवर लावला. 'शांतता राखा. वाद्ये वाजवून बघू नयेत.' रामलिंगनं तो वाचला आणि तसाच राहू दिला. तेव्हाच फाडून टाकला असता तर पुढचं काही टळलं असतं का, हे त्याला पुढंही सांगता आलं नाही.

अहमदपूरजवळच्या एका खेड्यातून गुरुपादप्पा आले तो दिवस श्रावणातला होता. गावात शिवनाम सप्ताह बसणार होता. पेटी आणि तबल्याची जोडी घ्यायची म्हणून म्हातारे गावातल्या दोघांना घेऊन एसटीनं आले होते. शिवमूर्तीअण्णांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. रामलिंगनं त्यांना पाणी दिलं, मागच्या फळीवरची चांगली पेटी काढून पुढं ठेवली.

गुरुपादप्पांनी कागद वाचला, एकदा रामलिंगकडं बघितलं.

"हे काय लिवलंय रे? वाजवल्याबिगर पेटी कशी घ्यावी मानसानं? लगीन हाय का फोटू बघून करायला?"

"वर पोरं अभ्यास करतेत, काका. हळूच बघा. जरा भाता कमी मारा."

"हळू," म्हणत म्हाताऱ्यांनी बैठक मारली. सुरुवात हळूच केली. पण उभ्या आयुष्यात देवळाच्या सभामंडपात गाणारा माणूस, त्याला हळू गाता येत नव्हतं. डोळे मिटले आणि आवाज आपसूक वर गेला. जुनं शिवभजन होतं. सोबतच्या दोघांनी मागून धरलं. आणि ओट्यावर बसलेल्या आनंदराजला राहवलं नाही. हातातली जोडी त्यानं पुढ्यात ओढली आणि ठेका दिला.

कितीतरी महिन्यांनी दुकान वाजत होतं. शेजारचा भांडीवाला बाहेर येऊन उभा राहिला. दोन बाया पिशव्या खाली ठेवून थांबल्या. रामलिंगच्या अंगावर काटा आला. अडवायला हवं हे त्याला कळत होतं. तो गल्ल्याला धरून उभा राहिला आणि अडवलं नाही.

वर खुर्च्या सरकल्या. मग कुणीतरी जमिनीवर पाय आपटले. मग जिन्यावरून एक पोरगा खाली आला. अंगानं वाळलेला, डोळे तांबारलेले. तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडले.

"आजोबा, प्लीज. माझी तिसरी वेळ हाय. परवा भरतीचा पेपर हाय. मला काहीच लक्षात राहीना झालंय."

आणि तो तिथंच, सगळ्यांपुढं, रडायला लागला.

गुरुपादप्पांनी भाता दाबून बंद केला. ते उठले, पोराच्या पाठीवरून हात फिरवला. "चुकलं, लेकरा. चुकलं आमचं. जा, वाच तू." मग रामलिंगकडं न बघताच टोपी सारखी केली. "येतो परत कवा तरी, रामलिंग."

ते परत येणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. शेजारचा भांडीवाला आत गेला. आनंदराज तबल्यावर हात ठेवून बसून राहिला, जसा काही तो वाजू नये म्हणून दाबून धरलाय.

संध्याकाळी वीरेश आला. या खेपेला चहा नव्हता. "अन्ना, आनंदराजला तुमी सांगा, न्हाईतर मी सांगतो. दुसरीकडं बसू दे त्याला."

"तू न्हाई सांगायचं," रामलिंग म्हणाला. "मी सांगतो."

सांगायला जीभ रेटेना. रोज डबे उघडायचे, रोज तो भाकरीत डोकं घालून बसायचा. शेवटी आनंदराजनंच विषय काढला.

"काय सांगायचंय ते सांगून टाक की, रामलिंग. घास अडकून राहिला तुझा."

"वीरेश म्हनतो... ओट्यावर नको म्हनतो."

आनंदराजनं भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "मग कुटं बसू?"

"काम मी खोलीवर आणून देतो. रोज आणून देतो."

"खोलीवर ठोकू देतीय व्हय घरमालकीन?" तो थोडा हसला. "माझंच चुकलं. त्या दिवशी वाजवलो मी."

"तसं न्हाई, आनंदा."

"न्हाई कसं? न वाजवता बसलो असतो तर बसू दिलं असतं मला."

जेवण झाल्यावर त्यानं हातोडी, घोटायचा दगड, शाईचा डबा पिशवीत भरला. रामलिंग पोतं गुंडाळायला लागला तर आनंदराज म्हणाला, "राहू दे ते. पोरांना पाय पुसायला होईल." पायरी उतरला आणि गोलाईच्या गर्दीत गेला. आठवड्याभरात खोली सोडून तो कंधारला लेकीकडं, मंजुषाकडं, गेला.

त्यानंतर दुकान उघडं होतं एवढंच. येणारा माणूस कागद वाचायचा, पेट्यांकडं बघायचा, आणि एखादी टाळांची दोरी किंवा काहीच न घेता जायचा. दिवाळी झाली आणि रामलिंग स्वतःच वीरेशला म्हणाला, "खालचं बी घेऊन टाक." वीरेशनं त्याचे पाय धरले. मन लावून काम करून घेतलं, खाली आणखी खुर्च्या बसवल्या. पेट्या, वीणा, पखवाज टेम्पोत भरून घरी आले. पेट्या पलंगाखाली गेल्या, तबले माळ्यावर. सिंधुनं जुन्या साड्या फाडून त्यांच्यावर टाकल्या.

"घरी बसून काय करनार, अन्ना?" वीरेश म्हणाला. "दारापाशी खुर्ची टाकतो. आल्यागेल्याकडं लक्ष ठेवा."

रामलिंग दारात बसायला लागला. चपला सरळ ठेवायला लावायच्या, मोबाईल बंद करायला कानाशी हळूच सांगायचं, कुणी कुजबुजलं की जवळ जाऊन बोट ओठावर ठेवायचं. ते काम त्याला छान जमलं. कान तयार होताच. कोपऱ्यात कुणी पेनचं टोपण टिचकवलं तरी त्याला कळायचं. पालक वीरेशला म्हणायचे, तुमचे अण्णा आहेत म्हणून इथं शांतता असते. वीरेश ते कौतुकानं येऊन सांगायचा. रामलिंग मान हलवायचा.

संक्रांतीनंतर एका रविवारी तो कंधारला गेला. नुसतं कसं जायचं, म्हणून पुडी उतरलेला एक तबला सोबत घेतला. आनंदराज लेकीच्या अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. खूप वाळला होता. खोकला सुटत नव्हता. त्यानं तबल्याकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही.

"हात बसले आता, रामलिंग."

"एवढ्यात बसतेत व्हय?"

"बसले. मंजुषा म्हनती, बाबा, ते कातडं घरात नको, लेकरं आजारी पडतेत. खरं बी असंल तिचं."

रामलिंगला माफी मागायची होती. लातूरपासून तो तेच वाक्य मनात घोळवत आला होता. समोर मंजुषानं चहा ठेवला, नातवंडं पायात पायात करू लागली, आणि वाक्य राहून गेलं. निघताना आनंदराजनं विचारलं, "त्या पोराचं काय झालं? रडत आला होता त्याचं?"

"न्हाई झालं. गावाकडं गेला."

"अरेरे," आनंदराज म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तेच रामलिंगला सहन झालं नाही.

होळीच्या आधी मंजुषाचा फोन आला. बाबा गेले. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. दहाव्याला संध्याकाळी भजन ठेवलंय, या.

रामलिंगनं माळ्यावरून जोडी उतरवली. डग्ग्याची पुडी उंदरांनी कुरतडली होती. दुसरा तबला बघितला, त्याची शाई उडाली होती. असं काही झालं की एकाच माणसाकडं न्यायची त्याला सवय होती. तो साडीचा तुकडा हातात धरून बराच वेळ खाली बसला. सिंधु म्हणाली, "पेटी तरी न्या." त्यानं पेटी फडक्यात बांधली आणि एसटीत मांडीवर घेऊन गेला.

कंधारला अंगणात सतरंजी घातली होती. पण गावातलं मंडळ मोडून बरीच वर्षं झाली होती. जुने गाणारे दोघंतिघं उरलेले, त्यांचा आवाज चालत नव्हता. मंजुषाच्या दिरानं एक छोटा स्पीकर आणून फोटोपुढं ठेवला आणि मोबाईलवर भजन लावलं. रामलिंगनं पेटी उघडली. निदान सूर धरावा म्हणून पट्टी दाबली. स्पीकरचा सूर वेगळा होता. त्यानं पट्टी बदलली, पुन्हा बदलली. जुळला असं वाटेपर्यंत भजन मधेच थांबलं आणि कुठल्या तरी साबणाची जाहिरात सुरू झाली. बाई गोड आवाजात बोलत होती. कुणी हसलं नाही. सगळे हात जोडून जाहिरात संपायची वाट बघत बसले.

रामलिंगनं भाता लावून पेटी बंद केली.

"काका, पेटी ठेवून जाता का?" निघताना मंजुषा म्हणाली. "बाबांची आठवन म्हनून."

"ठेव."

स्टँडवर लातूरची गाडी लागलेलीच होती. तो खिडकीपाशी बसला. कंडक्टर आला, कुठं म्हणून विचारलं. रामलिंगनं सांगितलं.

"आं? जोरात बोला की, मामा."

त्यानं पुन्हा सांगितलं. कंडक्टरनं कान त्याच्या तोंडाजवळ आणला, तेव्हा कुठं त्याला लातूर ऐकू गेलं.