रस्त्याकाठचे न्यायमूर्ती

होक्काइदोला निघालो ते बाबांमुळे. बाबा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. आई गेल्यावर वर्षभराने साताऱ्याहून ते आमच्याकडे टोकियोत, एदोगावाला आले, आणि बाल्कनीत बसून बसून कंटाळले. माझ्या ऑफिसातल्या कुरोसे-सानना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "माझे खापरपणजोबाही न्यायाधीशच होते. उत्तरेत नवी वस्ती होत होती त्या काळातले. आई तिथेच असते, कबर दाखवेल." शनिवारी जायचं असंही त्यांनीच ठरवलं, आणि सोबत ओमियागेचा (भेट म्हणून न्यायचा खाऊ) खोका दिला, काळ्या-पांढऱ्या दोरीने देखणा बांधलेला. एवढी आपुलकी! हुरळली मेंढी म्हणतात ती मीच.

विमान, मग रेल्वे, मग बस. बसमध्ये ड्रायव्हर आणि आम्ही दोघं. बाहेर पिवळी पडलेली झाडं आणि मधूनमधून छप्पर बसलेली रिकामी घरं. रस्ता मात्र सरळसोट. "हा जंगलातून काढला कुणी?" बाबा पुटपुटले.

थांब्यावर कुरोसे-सानच्या आई, किनुको-सान, काळ्या कपड्यांत उभ्या होत्या. आम्ही उतरलो तरी त्या बसच्या दाराकडेच बघत होत्या. दार मिटलं. मग त्यांना माझ्या हातातला खोका दिसला.

"म्हणजे तो येत नाही," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला वाकून नमस्कार केला.

ती दोरी सुतकाची असते, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी हाकाजिमाई होती. पुढे बघणारं कुणी उरलं नाही की घराण्याची कबर विधी करून कायमची मोडतात, ती. मुलाने स्वतःऐवजी आम्हाला पाठवलं होतं, आम्हालाही न सांगता. मला संताप आला आणि लाजही वाटली. "बाबा, परत जायचं का?"

"आणि ती बाई एकटी उभी राहील?" बाबा म्हणाले.

घरी किनुको-साननी शाकाहारी बाबांसाठी लोणी घातलेला उकडलेला बटाटा वाढला आणि न्यायमूर्तींची गोष्ट सांगितली. तरुणपणी समुद्र ओलांडून ते इथे आले. माशांच्या वखारीत न्यायालय भरायचं. त्यांनी शिक्षा दिलेल्या कैद्यांकडून सरकारने हा रस्ता खोदून घेतला, आणि कितीतरी जण बर्फात मेले. पुढे ते टोकियोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढले. पण मरताना म्हणाले, मला त्या रस्त्याकाठी, त्या माणसांशेजारी पुरा.

मी भाषांतर करत होते. बाबांनी अर्धा बटाटा तसाच ठेवला. "आपण निकाल लिहितो. पुढे त्या माणसाचं काय झालं ते बघायला कुणी जात नाही गं. मीही नाही गेलो."

कबरीपाशी भटजी आणि पाथरवट आले होते. मंत्र झाल्यावर दगड सरकवला. नवऱ्याचा अस्थिकलश किनुको-साननी छातीशी धरला. न्यायमूर्तींची मात्र मातीच झाली होती. ती घराण्यातल्या पुरुषाने उचलायची, अशी त्यांची रीत. किनुको-साननी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे.

बाबांनी बूट-मोजे काढले. त्या गारठ्यात, चिखलात. पाथरवट बघतच राहिला, तिथे असं कुणी करत नाही. बाबांनी ओंजळभर माती पांढऱ्या कापडात ठेवली. ती आता देवळाच्या सामायिक तळघरात जाणार होती, बिननावाची.

"दगडाचं काय करतात?" बाबांनी विचारलं.

"फोडून खडी," पाथरवट म्हणाला. "रस्त्याला लागते."

हे मी बाबांना मराठीत सांगितलं.

निघताना किनुको-साननी एवढंच विचारलं, "तो वेळेवर जेवतो ना?" मी हो म्हटलं. खरं तर मला ठाऊक नाही. बस वळेपर्यंत त्या वाकून उभ्या होत्या.

परतीच्या विमानात कुरोसे-सानना काय काय सुनावायचं ते मी मनात जुळवत होते. एकेक वाक्य गळत गेलं. आईच्या वर्षश्राद्धाला मी स्क्रीनवरून हात जोडले होते. माझी लेक तर साताऱ्याला दोनदाच गेली आहे, आणि आजोबांना जपानीत उत्तरं देते.

बाबा खिडकीतून बघत होते. तसंच बघत म्हणाले, "मी आता साताऱ्यालाच राहीन म्हणतो. तुमच्या ऑफिसात रजा मिळते ना गं? अचानक लागली तर?"

"मिळते की बाबा," मी म्हणाले. माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही, आणि त्यांचाही बसला नसावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.