कोरड्या नदीतला मुक्काम

कॉलेजच्या साहस शिबिरात चिठ्ठी माझ्या नावाची निघाली आणि मी सात पोरींची लीडर झाले. माझी जीभ तिखट, डोकं तापट. शिबिराच्या सरांनी निघताना बजावलं, "लीडर म्हणजे आरडाओरडा नव्हे. सगळ्यांना विचारून ठरवायचं." मोबाईल काढून घेतले. सातपुड्याच्या पायथ्याला एक रात्र आमची आम्ही काढायची आणि सकाळी शिबिराचा सोबत दिलेला झेंडा घेऊन गावातल्या शाळेत परत यायचं, शिबिर तिथंच होतं.

दसरा होऊन गेला होता. पायथ्याच्या नद्या तोवर आटतात. संध्याकाळी पोरींना नदीतली वाळू दिसली आणि त्यांनी बॅगा तिथंच टाकल्या. मऊ, गार, काटा नाही की खडा नाही. मधोमध झेंडा रोवला, भाकरी-ठेचा खाल्ला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अंधार पडताना वर डोंगरात चमकलं. आवाज नाही, नुसता उजेड. आमच्या डोक्यावर मात्र लख्ख चांदण्या. आमच्याकडे, रावेरच्या बाजूला, डोंगरात चमकलं की वरून पूर उतरेल म्हणून ढोरं नदीत बसू देत नाहीत. माझे आबा तर ढोरं वर काढायला भरल्या ताटावरून उठायचे.

"उठा, काठावर जाऊ," मी म्हटलं.

धुळ्याची एक होती, माझ्याइतकीच फटकळ. पडल्या पडल्याच म्हणाली, "पानी कोठे शे वं? बठ्ठं कोरडं शे." सगळं कोरडंच होतं खरं; बाकीच्या हसल्या. सरांच्या सांगण्याप्रमाणे मी हात वर करायला लावले. जायच्या बाजूनं एकच हात, माझा.

मग माझं टाळकं सटकलं. एकेकीची चादर ओढली, बॅगा काठावर भिरकावल्या, नको नको ते बोलले. "मेलात तर तुमच्या आयांना मी काय तोंड दाखवू?" कुरकुरत सगळ्या वर आल्या. काठावर दगड, बाभळीचे काटे, डास. सगळ्यांनी माझ्याकडे पाठ करून अंथरुणं टाकली. मी रात्रभर कान लावून बसले. पाणी आलं नाही. डोंगरातलं चमकणंही थांबलं, आणि का कोण जाणे, मला जास्तच भीती वाटायला लागली.

फटफटलं तशी धुळ्याची उठली. "झेंडा खालीच राह्यला, बाईसाहेब," म्हणाली आणि वाळूत उतरली. मी घुश्शात तिला अडवलं नाही. ती मधोमध पोचली असेल नसेल, वळणापलीकडून ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज आला.

"झेंडा सोड, पळ!" मी ओरडले.

मागं वळूनही न पाहता ती काठाकडे धावली. मी मनगट धरून तिला वर ओढलं, तोवर लाकडं-पाचोळा घेऊन गढूळ पाणी आमच्या झोपायच्या जागेवरून गेलं होतं. झेंडा एकदा वाकला, मग दिसला नाही. तिनं मला घट्ट धरलं, ते कितीतरी वेळ सोडलं नाही.

झेंड्याविनाच शाळेत परतलो. त्या रात्री तिथल्या वर्गात झोपायचं होतं. चार भिंती, वर पत्रे, कुठंही पडावं. पण सातही जणी अंथरुणं काखेत घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"तूच सांग, कोठे झोपानं?" धुळ्याची म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

मला काय ठाऊक? नदीतसुद्धा मला काही कळलं नव्हतं, मी फक्त घाबरले होते. पण ते सांगायची सोय आता राहिली नव्हती. मी उगाच दाराजवळची जागा दाखवली, आणि सातही जणी काही न विचारता तिथं आडव्या झाल्या.