पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा

त्या हिवाळ्यात मला भाताचा वास सहन होईना. तांदूळ आमच्याच शेतातला, मीच कांडलेला. पण मडक्याला उकळी फुटली की पोटातून काहीतरी वर यायचं आणि मी मागच्या दाराने परसात पळायची. तोंड धुऊन परत येईपर्यंत पेज उतू जाऊन निखारे विझलेले असायचे.

लढाईचे दिवस होते. आमच्या डोंगरात लढाई म्हणजे एवढंच की रॉकेल मिळत नव्हतं आणि मुंबईला कोळसा फार लागत होता. त्यामुळे दिवाळीनंतर झोडणी उरकून माझे यजमान मुरबाडच्या पलीकडच्या जंगलात कोळशाच्या भट्टीवर गेले. ते आता शिमग्यालाच यायचे होते. आमचं घर डोळखांबच्या वरच्या अंगाला, गावापासून सुटं. जवळचा पाडा होता, पण तिथली माणसंही कुडाची दारं बांधून वीटभट्ट्यांवर निघून गेली होती. घरात सासरे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या.

सासरे मुळातच कमी बोलणारे. त्यात सुनेने सासऱ्यासमोर उभं राहून बोलायची रीत नव्हती. त्यांना काही हवं असलं की ते ओटीवरून अंगणाकडे तोंड करून म्हणायचे, "पाणी तापला असेल तर बरा होईल," आणि मी आतून तांब्या पुढे सरकवायची. असे दिवसच्या दिवस जात. भात कांडताना खरं तर दोघी लागतात. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं, बोलणं चालू राहतं. मी एकटीच कांडायची. मधेच थांबले की घरभर शांतता व्हायची, ती नको म्हणून पुन्हा मुसळ उचलायची.

आधी वाटलं, डोक्यावरून गवताचे भारे वाहून अंग दुखतंय. छातीला नुसतं लुगडं घासलं तरी दुखायचं. दुपारी खळ्यावर नाचणी वाळत घालायला बसले की बसल्या जागी डोळा लागायचा. विहिरीवर वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. चूल सारवताना ओल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. एकदा चुलीच्या कडेचा भाजका तुकडा मोडून मी तोंडात टाकला आणि चोरी केल्यासारखी दाराकडे बघत चघळला. माणूस माती खायला लागला म्हणजे त्याचं काही खरं नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

भीती वाटण्याला कारण होतं. माझी आई मी लहान असताना गेली. ती मला आठवते ती पाठमोरी, परसात ओणवी होऊन ओकणारी. मग कधीतरी मला शेजारच्या घरी नेऊन बसवलं, आणि परत आणलं तेव्हा आई नव्हती. पोटाच्या दुखण्याने गेली, एवढंच वडील सांगायचे. तोच आजार आता मला लागला, याबद्दल मला शंका उरली नव्हती. नवऱ्याला निरोप धाडावा तर कोणाबरोबर? आणि काय सांगून? एका दुपारी मी पेटी उघडून लग्नातलं लुगडं बाहेर काढलं, उन्हात घातलं. आपण गेलो तर ते कुबट वासाचं नको निघायला, असा विचार होता. आता हसू येतं. तेव्हा रडू आलं होतं, आणि ते ऐकायला जवळपास कोणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडले.

लुगडं वाळत होतं तेव्हा सासरे रानातून आले. त्यांनी लुगड्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ओटीवर बसले. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते डोक्याला मुंडासं गुंडाळून निघाले. अंगणातून म्हणाले, "संध्याकाळपावेतो येतो. पाणी मी भरून ठेवलाय, विहिरीवर जाऊ नको."

ते कुठे गेले असतील याचा मला अंदाज येईना. दिवसभर मी दाराशी बसून होते. उन्हं उतरली तशी डोंगराच्या पायवाटेवर दोन माणसं दिसली. पुढे सासरे, आणि बऱ्याच अंतराने मागून काठी टेकत एक म्हातारी. ती त्यांची सख्खी बहीण होती. सासूबाई वारल्या तेव्हा ती उशिरा पोचली, म्हणून ते तिला दारातच काहीबाही बोलले होते. तेव्हापासून येणंजाणं बंद होतं. मी तिला त्याआधी पाहिलंही नव्हतं.

आत्या आत आल्या, पाणी प्यायल्या आणि मला समोर बसवून घेतलं. माझी पापणी खाली ओढून बघितली.

"शेवटची बाहेर कवा बसलेलीस गो?"

मी खाली बघून म्हटलं, "दिवाळीच्या आधी."

"त्यानंतर नाय?"

"नाय."

"मग तुला काय वाटला?"

"काय नाय. बरंच वाटलं. बाबांना चुलीशी बसायला लागलं नाय."

 आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "तेच सांगत आला तो माझ्या दारात. आत नाय आला. अंगणातच उभा राहून बोलला, दिवाळीपासून मी चुलीला हात लावला नाय, पोरीला कोण बाईमाणूस नाय, तू चल."

मी बाहेर बसले की ते चार दिवस स्वयंपाक सासरे करायचे. आमच्या घरात दुसरी बाईच नव्हती. ती पाळी चुकली, पुन्हा चुकली, हे त्या अबोल माणसाच्या माझ्याआधी ध्यानात आलं होतं. मला लाजेने मान वर करवेना.

"आजार नाय गो पोरी," आत्या म्हणाल्या. "तुला दिवस गेलेत."

मी एकदम विचारलं, "माझी आई अशीच ओकायची. मग ती का मेली?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसल्या. तेव्हा मला कळलं की आईचा आजार मी बरोबर ओळखला होता, फक्त त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं.

आत्या काही दिवस राहिल्या. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी भाकरीचा सुका तुकडा चावायचा, जोर लावून पाणी शेंदायचं नाही, माती खावीशी वाटली तर चिंच चोखायची, असं सगळं त्यांनी सांगितलं. भात त्याच शिजवायच्या आणि मला खळ्यावर पाठवायच्या. ओटीवर भाऊ-बहीण बसायचे, मध्ये भरपूर जागा सोडून, आणि पिकापाण्याचं बोलायचे. जाताना त्या म्हणाल्या, "तिसरा महिना सरेपावेतो कुणाला बोलू नको."

बोलणार कोणाला होते? त्या गेल्यावर घर आधीपेक्षा रिकामं वाटलं. आता भीतीला नाव होतं, पण ती सांगायला माणूस नव्हतं. रात्र पडली की पोटावर हात ठेवून मी कानोसा घ्यायची. काहीच कळायचं नाही. आत कोणी आहे यावर विश्वास बसायचा नाही.

शिमग्याला हे आले. गळ्यापर्यंत काळे, नखांत कोळसा, खोकला लागलेला. सासरे होळीची लाकडं बघायच्या निमित्ताने लवकरच बाहेर पडले. मी गरम पाणी दिलं. पाठ चोळताना शब्द ओठांवर यायचे आणि परत जायचे.

"बारीक झालीस," हे म्हणाले.

"आत्या येऊन राहिल्या होत्या."

यांनी वळून पाहिलं. "कोण आत्या? आपली? बाबांनी घरात घेतली?"

"बाबाच आणायला गेले होते."

"काय म्हणून?"

"मला दिवस गेलेत म्हणून."

यांनी तांब्या खाली ठेवला. मग हात पुन्हा धुतले, राखेने घासून घासून, आणि तरी माझ्या अंगाला लावायला कचरले. "बाबांना कसा कळला?" असं विचारलं. मी सांगितलं नाही. पाडव्यानंतर हे पुन्हा भट्टीवर गेले, ते पावसातही कोळसा वाहायच्या कामात तिकडेच अडकले.

लावणी झाल्यावर सासऱ्यांनी मला आत्यांच्या घरी पोचवलं. चिखलातून ते पुढे चालत, काठीने वाट चाचपत, आणि मी मागून. श्रावणात मुलगी झाली. दोघी जगलो. यांना निरोप मिळून हे येईपर्यंत ती मान धरू लागली होती. तोवर पावसाच्या लांबच लांब दुपारी मी तिला मांडीवर घेऊन आत्यांच्या पडवीत बसायची आणि तिच्याशी बोलायची. आवाज फुटायला मला सुरुवातीला जड गेलं. बोलायची सवयच मोडली होती.