स्टिअरिंगची बटणं मी उलटी लावली

दोह्यात बायकोला पहिल्याच टेस्टला लायसन्स मिळालं. मला तिसऱ्या खेपेला मिळालं होतं. बिन महमूद भागात एका मित्राकडे जेवताना एकाने म्हटलंच, "खलास! आता तुम्ही मागे बसा, वहिनी ड्रायव्हर." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनात धरून ठेवलं.

तिला अल सद्दला एका ऑफिसात नोकरी लागली होती. पहिले तीन महिने बघून मग कायम करणार होते. गाडी एकच. सकाळी ती मला अल थुमामाच्या साइटवर सोडून ऑफिसला जायची. वर्ल्ड कपसाठी सगळं शहर खणून ठेवलेलं, कालचा रस्ता आज बंद. नकाशाचा आवाज ऐकूनच गाडी चालवावी लागे. त्यासाठीच आम्ही बाहेरून नवा स्टिरिओ बसवला होता. स्टिअरिंगवरची बटणं त्याला शिकवावी लागत. बटण दाबून धरायचं, स्क्रीनवर त्याचं काम निवडायचं. एक बदललं की सगळी पुन्हा. बसवणाऱ्याने बजावलं होतं, "इंजिन बंद रखना, सिर्फ चाबी ऑन."

एका सकाळी "मी पुढे जाऊन एसी लावतो" असं सांगून खाली गेलो आणि आवाज वाढवायच्या बटणाला कमी करायला शिकवलं, कमी करायच्या बटणाला वाढवायला.

मला सोडून ऑफिसला जाताना तिने आवाज वाढवायला बटण दाबलं आणि नकाशा गप्पच झाला. वळण चुकलं, ऑफिसला उशीर झाला. संध्याकाळी मला न्यायला आल्यावर तिने हे सांगितलं. वाटेत ती बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध घ्यायला उतरली तेवढ्यात मी बटणं सुलटी केली. आल्यावर दाबून दाखवली.

"बघ, चालतंय की. साधं बटण दाबता येत नाही तुला."

ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. हे मी आठवड्यातून दोन-तीनदा केलं, जवळजवळ महिनाभर.

मग एकदा माझा डबा वर राहिला, तो घेऊन ती लवकर खाली आली. दार उघडलं तर आत भट्टी, आणि मी घामाने निथळत बटण दाबून बसलेलो.

"एसी लावायला आला होतात ना?"

"लावतोच आहे."

"इंजिन बंद ठेवून?" तिने स्क्रीन वाचली. "किती दिवस?"

मी बटणावरचा अंगठा काढला.

"काल साहेब म्हणाले, पुन्हा उशीर झाला तर येऊ नका. आणि मी रात्री तुम्हालाच विचारत होते, माझ्या डोक्यात काही बिघाड झालाय का म्हणून. तुम्ही म्हणालात, डॉक्टरला दाखवू."

"अगं, गंमत केली."

खरंच, हेच म्हणालो.

"उतरा."

ती माझ्या जागी बसली. इंजिन बंद ठेवूनच, त्या उकाड्यात, एकेक बटण तिने शिकवलं. मी फूटपाथवर डबा धरून उभा. झाल्यावर काच थोडी खाली आली.

"टॅक्सीने जा."

त्या दिवशी ती वेळेवर पोचली. नोकरी टिकली; आज माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर आहे. त्या सकाळबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नाही. माफी मागायला गेलो की म्हणते, "उशीर होतोय."

पण एसी लावायला आता तीच पुढे जाते. मी खाली येतो तेव्हा गाडी गार झालेली असते. मी पट्टा लावतो. मग माझ्यासमोर ती स्टिअरिंगवरचं प्रत्येक बटण एकदा दाबून बघते, आणि मगच गाडी हलवते.