बाईंचं ला पाझ

शिर्डीच्या निमित्तानं आमच्या राहात्यावरून जगभरातली माणसं येतात आणि जातात, पण अख्खं परदेशी शहर बरोबर घेऊन परत आलेलं माणूस गावात एकच, ते म्हणजे आमच्या शेजारच्या बाई. मिशनच्या शाळेत निम्म्या गावाला त्यांनी विज्ञान शिकवलं. माझा डावा कान उजव्यापेक्षा जरा लांब आहे, तोही त्यांच्याच कृपेनं. बाईंची एकुलती एक लेक व्रत घेऊन मिशनची सिस्टर झाली आणि दक्षिण अमेरिकेतल्या ला पाझ नावाच्या शहरात दवाखान्यात सेवेला गेली. दोन वर्षांपूर्वी बाई काही महिने तिच्याकडे राहून आल्या. तेव्हापासून आमच्या आळीला ला पाझ म्हणजे कोपरगावच्या पलीकडचं गाव वाटतं.

शहर कसं आहे विचारलं, की बाई आतून कढई घेऊन येतात. या कढईत सगळं शहर. पैसेवाले तळाशी, गरीब काठावर, कारण वर हवा विरळ. आणि काठाच्या मागं बर्फाचा डोंगर. डोंगराशी आल्या की बाईंच्या हातातली कढई तशीच राहते, आणि आपणही उगाच त्या रिकाम्या कढईकडे बघत बसतो. काठावरून तळाशी कामाला जायचं तर माणसं तारेवरच्या पाळण्यात बसतात. आपण गडावर रोपवेत हौसेनं बसतो तसं नव्हे, रोज, डबा घेऊन, एसटीत बसावं तसं. पहिल्यांदा बसल्या तेव्हा बाईंनी डोळे गच्च मिटून माळ जपायला घेतली. मध्येच एक डोळा उघडला तर खाली लोकांच्या गच्च्या, वाळत घातलेल्या चादरी, फुटबॉल खेळणारी पोरं, आणि समोरच्या बाकावर एक म्हातारी निवांत शेंगा सोलत बसलेली. बाई म्हणाल्या, "अरे, देवाला आपण असेच दिसत असू. वाळत घातलेल्या कपड्यांसकट."

डाळीचा किस्सा तर गावात गाजलाय. बाईंना कुकरमधलं वरण चालत नाही, डाळ पातेल्यातच शिजली पाहिजे. इथून नेलेली तूरडाळ त्यांनी तिथं सकाळी चुलीवर ठेवली, ती दुपारपर्यंत खड्यासारखी टणक. झालं! बाईंनी थेट आमच्या किराणावाल्या शेठला व्हिडिओ कॉल लावला. शेठ शटर ओढत होता, आम्ही चारजण तिथंच उभे. पृथ्वीच्या त्या टोकावरून बाई चिमटीत डाळीचा दाणा धरून त्याला झापत होत्या, की गेल्या सालची डाळ माझ्या गळ्यात मारलीस. शेवटी मागून लेक हसत आली आणि तिनं सांगितलं, की एवढ्या उंचावर पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळतं, म्हणून इथं कुकरच लागतो. आता हाच धडा बाईंनी आम्हाला सातवीत छडी हातात घेऊन शिकवला होता! परत आल्यावर त्या शेठच्या दुकानात गेल्या, चार गिऱ्हाइकांदेखत चूक कबूल केली, आणि आलोच आहोत तर म्हणून सगळ्यांना तो धडा पुन्हा शिकवला.

तिथल्या बायका घेरदार घागरे नेसतात, पाठीला पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात बाळ बांधतात आणि डोक्यावर काळी गोल टोपी ठेवतात, जी घट्टही नसते आणि पडतही नाही. ती पडत का नाही, यावर बाईंनी बरंच निरीक्षण केलं आणि हरल्या. मग एक विकत आणली. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पदर, पदरावर टोपी, अशा त्या निघाल्या की टेम्पोवाले वेग कमी करतात. टोपी दर दहा पावलांवर पडते. बाईंच्या मते दोष आपल्या हवेचा, इथं ती फार दाट आहे. भाजीवाली मावशी एकदा म्हणाली, "बाई, टोपी लई झ्याक हाय. पिशवी आनली न्हाई ना तुमी? मग वांगी तिच्यातच घ्या." बाईंनी घेतली.

पण एका गोष्टीशी आल्या की बाईंचा आवाज उतरतो. जानेवारीत तिथं एक बाजार भरतो. त्यात सगळं बोटाएवढं: घर, मोटार, शिवणयंत्र, साखरेचं पोतं. वर्षभरात जे मिळावंसं वाटतं ते छोटं घ्यायचं आणि दुपारी बाराला देवाच्या दारात नेऊन त्यावर पाणी शिंपडून घ्यायचं. त्यातही दुसऱ्यानं आपल्या हातात दिलं तर फळतं, असं तिथली माणसं मानतात. हे आपल्या धर्मात बसतं का, अशी बाईंना शंका होती, पण चर्चच्या दारात फादरच बादली घेऊन उभे. बाई सांगतात, "सगळं शहर इच्छा हातात धरून उभं होतं रे. कुणाला काय हवंय ते सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणी कुणाला हसत नव्हतं." बाईंनी लेकीला छोटी प्रवासाची बॅग दिली, तिला घरी यायची सुट्टी मिळावी म्हणून. लेकीनं बाईंना छोटं विमान दिलं, आईनं पुन्हा यावं म्हणून.

परत आल्यावर बाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी त्या उंचीवर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं. म्हणजे विमान बाद. ते मरियामातेच्या तसबिरीखाली धूळ खात नाही, कारण बाई रोज पुसतात. लेकीला सुट्टी मिळाली नाही. वर्ष उलटलं की इच्छा नव्यानं हातात द्यावी लागते, आणि बाईंचा हात आता तिथवर पोचत नाही.

या जानेवारीत, नेमक्या तिथल्या त्या बाजाराच्या दिवशी, मी जत्रेत भातुकलीच्या दुकानापाशी उभा होतो. तिथं एक पत्र्याची छोटी बॅग दिसली, आणि मी ती लगेच घेतली. तडक येऊन ती बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी कडी उघडून पाहिली, मिटली, पुन्हा उघडली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत शाळेतल्यासारखं विचारलं, "किती वाजता घेतलीस?"

"बरोबर बारा वाजता, बाई."

"आपल्या की त्यांच्या?"

मी कान चाचपत म्हणालो, "आपल्या."

"मग तिथं अजून बारा वाजायचेत," बाई म्हणाल्या, आणि ती बॅग मांडीवर घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसल्या.